ऑइल कूलरचे दोन पाइप

नाना, तुमच्या जीपचं ऑइल गळत होतं, आणि तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली तरी राग तुमच्यावरच निघत होता. उद्या आईला धुळ्याहून जळगावला आणायचंय, डोळ्याच्या ऑपरेशनला. भाड्याची चांगली गाडी करतो म्हटलं तर फोनवर म्हणाली, "त्यांच्या गाडीत येईन. नाहीतर एका डोळ्यानं दिसतं तेवढं पुरे." तुम्ही जाताना गाडी ठेवून गेलात आणि त्या गाडीवर विश्वास ठेवणारी बाईही ठेवून गेलात. मी पेपरात बसून मंत्र्यांच्या टोप्या उडवतो, पण इथं जळगावात, पिंप्राळ्यातल्या माझ्याच दारातला काळा डाग मला महिनाभर पुसता आला नाही.

आधी इथल्याच एका गॅरेजवाल्याकडे नेली. त्यानं बॉनेट उघडलं आणि गाडीऐवजी मीच आजारी असल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "सर, विकून टाका." म्हटलं, गळतंय कुठून ते तर सांग. "कूलरच्या पाइपातून. रबर कडक होऊन फाटलंय. पार्ट मिळत नाही, पण करतो काहीतरी." हे 'काहीतरी' म्हणजे आपल्याकडची सगळ्यात जुनी इंजिनिअरिंग शाखा. फाटका तुकडा कापून त्यानं साधा रबरी पाइप घातला, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या आणि म्हणाला, "आता बघायलाच नको. फक्त आमच्यावर लिहू नका." सोमवारी आईकडे निघालो आणि एरंडोलच्या अलीकडेच तो पाइप निसटला. ऑइलचा दिवा लागला. पुढचा ढाबा येऊ दे असंही मनात आलं नाही, हातानं आपणच इंजिन बंद केलं. हात माझा, सवय तुमची. इंजिन वाचलं. टेम्पोमागे दोर बांधून घरी आलो, आणि शेजारच्या निवृत्त मास्तरांनी विचारलं, "आज काय, वरात?"

रस्त्यावर उभा होतो तेव्हा मला आपलं धुळ्याचं स्वयंपाकघर आठवत होतं. आई चहा गाळतेय, तुम्ही आपल्या गॅरेजातून येऊन पाटावर बसलाय, नखांत काळं तसंच. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, सगळं कळतं अशा वयाचा. तुम्ही चहा बशीत ओतता आणि म्हणता, कूलर म्हणजे ही बशी. इंजिनात तेल तापतं, पंप ते एका पाइपातून रेडिएटरसमोरच्या कूलरमध्ये ढकलतो, तिथं वाऱ्यानं निवतं आणि दुसऱ्या पाइपातून परत येतं. तेलाला दाब असतो, तिथं साध्या रबराचं काम नाही. आणि एक पाइप गेला की दोन्ही बदलायचे, दोघांचं वय एकच. आई म्हणते, "तुमचं कूलर प्या आधी, साय आली." हे सगळं मला पाठ होतं, नाना. तरीही त्या क्लिपांना मी मान डोलावली, कारण मला लेख द्यायची घाई होती. घाईचं माझं जुनंच आहे.

स्पेअर पार्टच्या दुकानदारानं दोनदा चुकीचे पाइप दिले, दोन्ही वेळा 'हाच बसतो' म्हणून. शेवटी एमआयडीसीत ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप बनवणारे एक चाचा भेटले. जुन्या पाइपांची टोकं डोळ्याशी नेऊन त्यांनी आटे मोजले, नवे दोन्ही पाइप माझ्यासमोर मशीनवर टोकं दाबून तयार करून दिले आणि बजावलं, "तांब्याचे वॉशर नवे लावा. आणि साहेब, कूलरची मान पिरगाळू नका." मला हसू आलं, म्हणजे रडू येण्याच्या अलीकडचं. कारण तुम्ही हेच वाक्य माझ्या पाठीत धपाटा घालून सांगितलं होतंत. मी एकाच पान्यानं नट फिरवत होतो, आणि नटाबरोबर कूलरची पातळ मान, पाइप जोडायची नळी, तीही वळत होती. "एक पाना धराले, एक फिरावाले. तुले बठ्ठं समजस, हातले काहीच समजत नही." सगळं कळणाऱ्या माझ्या हाताला तेव्हा खरंच काही कळत नव्हतं. पुढे माझा पहिला लेख छापून आला, तेव्हा तुम्ही त्याच पेपरात गुंडाळून नट कसायचे दोन पाने मला दिलेत. लेखावर तेल पसरलेलं होतं. वाचलात की नाही, ते कधी बोलला नाहीत.

आज दुपारी तेच पाने घेऊन गाडीखाली शिरलो. एकानं मान धरली, एकानं नट फिरवला. चारही टोकं झाली. तेल भरलं, इंजिन बंद करायची दोरी ओढून धरून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला, मग इंजिन चालू केलं. कूलर भरल्यावर तेल उतरलं, पुन्हा घातलं. उरली ती तुमची पांढरी रेघ. कसलेल्या नटावरून मानेपर्यंत ऑइलपेंटची एक रेघ. नट जरा जरी सरकला तर रेघ तुटते. गॅरेजात ती तुम्हीच ओढायचात, दुसऱ्या कुणाला ब्रश द्यायचा नाहीत.

ब्रश हातात घेतला आणि थांबलो. चाळीसगावच्या व्यापाऱ्याची जीप आठवली. नवे पाइप मी लावत होतो, आणि कॉलेजात माझी वक्तृत्व स्पर्धा होती, विषय सार्वजनिक जीवनातला प्रामाणिकपणा. तुम्ही दुसऱ्या गाडीखालून विचारलंत, "नट घट्ट कसला का?" मी हो म्हणालो आणि सुटलो. तुम्ही माझ्या शब्दावर रेघ ओढलीत. मला दुसरं बक्षीस मिळालं. तिसऱ्या दिवशी ती जीप घाटात सगळं तेल सांडून, इंजिन जाम होऊन, दुसऱ्या गाडीमागे ओढत परत आली. व्यापारी चौकात उभा राहून बोलत होता, आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "रेघ मनी शे, म्हणजे चूकबी मनीच शे." माझी चूक तुम्ही आपली म्हणालात, आणि मी तिथंच होतो. तुम्ही इंजिन खोललंत, फुकट बांधून दिलंत. मला काही विचारलं नाहीत. पण त्यानंतर तुम्ही मला 'कसला का' असंही कधी विचारलं नाहीत. मी लावलेल्या प्रत्येक नटावर एकदा स्वतःचा पाना ठेवायचात.

आज चारही नटांवर मी पुन्हा पाना ठेवला, मग रेघा ओढल्या. वाकड्या आल्यात. हे लिहितोय तो कागद आता कूलरखाली सरकवून ठेवतो. सकाळी कोरडा निघाला तर आईला आणायला निघेन.

यावेळी कसलाय, नाना. त्यावेळी कसला नव्हता.