आक्काचे बारा आणि अठरा

प्रिय आक्का,

आज शाहूपुरीतल्या आपल्या दुकानात तुझी सुनंदा आली होती. राधानगरीच्या शाळेत तुझ्या हाताखाली शिकलेली, आता स्वतः बाई झालीय. तू गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. पोरांच्या डोक्यात सामाईक विभाजक शिरेनात, बाई कसं शिकवायच्या ते विचारायला आले, म्हणाली. तिला सगळं खरं सांगता आलं नाही, म्हणून तुला लिहितोय.

अर्धांगाच्या झटक्यानंतर तुझं बोलणं परतलं, हातही हलायला लागला. आकडे तेवढे परतले नाहीत. जन्मभर गणित शिकवलेली तू, आणि बारा मोठे की अठरा, तुलाच कळेना! हळूहळू येईल, डॉक्टर म्हणाले. किती वाट बघितली गं आपण?

रोज सकाळी मला चिंचोके मांडायला लावायचीस. एकीकडं बारा, दुसरीकडं अठरा. दोन्हीकडं सारख्याच आकाराचे, जमतील तेवढे मोठे ढीग करायचे, एकही चिंचोका उरायला नको. चार-चारचे केलेस की बारा संपायचे, अठरातले दोन उरायचे. ते दोन हातात धरून बसायचीस, तोवर बारांचं काय झालं ते विसरलेली असायचीस.

जुने विद्यार्थी भेटायला आले की बाई झोपल्यात म्हणून सांगायला लावायचीस. का गं? ते काय हसले असते तुला?

एका सकाळी सहा-सहाचे ढीग केलेस. बारा पुरले. अठराही पुरले. त्याहून मोठा सामाईक विभाजक नाहीच! मला भरून आलं.

"आक्का, जमलं की!"

तू माझ्याकडं बघितलंस. "काय जमलं रं?"

मी पुन्हा समजावलं. तू शांतपणे ऐकून घेतलंस.

"दत्ता, ह्यातलं काय बी माझं ऱ्हायलं न्हाई. ठेव आत."

त्यानंतर चिंचोके कधी मागितले नाहीस. जेवायचीस, खिडकीत बसायचीस. दुसऱ्या झटक्यात गेलीस असं लोक म्हणतात. मला विचारशील तर त्या सकाळीच गेलीस.

सुनंदाला ढिगांची रीत सांगितली. बाई शेवटपर्यंत शिकवत असतील ना, तिनं विचारलं. मी व्हय म्हणालो.

शाळेत येऊन बाईंबद्दल दोन शब्द बोला म्हणालीय. जाईन. तुझे ते महिने कुणाला कळू देणार नाही, हा माझा शब्द. त्या सगळ्यांसाठी तू फळ्यापाशीच उभी राहशील. मला मात्र तिथली तू आता आठवतच नाहीस.

तुझा धाकटा भाऊ,
दत्ता