आम्ल बाहेर टाकणारं यीस्ट

आबा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यातली तुमची मळीची टाकी अजून डोळ्यांसमोर आहे. मी तिसरी-चौथीत असेन. सुट्टीचा दिवस, तुमचा डबा घेऊन आलेय. टाकीतला फेस बघायला कठड्यावरून वाकले, तर तुम्ही दंड धरून मागं ओढलंत. “आत पडलीस तर वर यायची न्हाईस.” मी रडवेली झाले, तसा आवाज उतरवून म्हणालात, “आत बारीक जीव हाईत. साखर खात्यात अन् दारू ओकत्यात.”

आता मी नागापूरच्या एमआयडीसीत तसल्याच जिवांवर काम करते. यीस्टच्या जनुकांत बदल करून त्याला दारूऐवजी एक आम्ल बनवायला लावतो. त्यापासून मातीत कुजणारं प्लॅस्टिक होतं. पण बहुतेक यीस्ट ते आम्ल पोटातच धरून बसतं आणि त्यानंच मरतं. आम्हाला बाहेर टाकणारं हवं. म्हणून शेकडो वाण बारक्या खळग्यांच्या ताटल्यांत वाढवायचे आणि वर रंग घालायचा. आम्ल भरपूर बाहेर आलं की जांभळा रंग पिवळा पडतो. दोन वर्षं सगळं जांभळंच. गेल्या महिन्यात आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, “ही शेवटची खेप. मग प्रकल्प बंद.” माझ्या हाताखालच्या तिघी मुलींच्या नोकऱ्या त्यावरच होत्या. त्या खेपेत एक खळगा पिवळाधमक निघाला. मॅडम हसल्यासुद्धा नाहीत. “बाहेरचा जंतू शिरला असेल. पुन्हा लावा.” पुन्हा लावलं, पुन्हा पिवळा. मग फ्लास्कमध्ये वाढवून मशीनवर मोजलं. आम्ल बाहेरच्या पाण्यात होतं, पेशीत जेमतेम. मॅडमनी रिपोर्ट सावकाश वाचला आणि म्हणाल्या, “चला, आता मोठ्या टाकीत घालू.” मी गेटबाहेरच्या टपरीवर जाऊन नुसतीच उभी राहिले. चहा सांगायचंही सुचेना.

काल कंपनीत छोटा सत्कार झाला. कोणीतरी विचारलं, या विषयाकडं कशा वळलात? मी म्हटलं, वडिलांनीच यात घातलं. आबा, तुम्ही तर मी सायन्सला न जाता डी.एड. करावं म्हणून महिनाभर अबोला धरला होतात. मग एक दिवस स्टँडजवळच्या शिंप्याकडून पांढरा अ‍ॅप्रन शिवून आणलात, बाह्या चांगल्या वीतभर लांब, आणि माझ्या हातात न देता खुंटीला अडकवून ड्यूटीला निघून गेलात. तेवढ्या आधारावर मी खुशाल सांगून टाकलं.

हे पत्र काही टाकायचं नाहीये, म्हणून कबूल करते: पुढच्या वेळी कोणी विचारलं, तरी मी तेच सांगणार आहे.