हात हा पत्ता नव्हे

प्रिय आई,

हे पत्र तू खिडकीशी उभी राहून, चष्मा न लावता, भरभर वाचून टाकणार हे मला ठाऊक आहे. तसं करू नकोस. बस, चष्मा लाव. आणि वाचताना राग आला तर येऊ दे. तो येणार हे धरूनच मी लिहायला बसले आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला दोन वाक्यांत गप्प करतेस आणि मग मी तासभर तुझ्या बाजूने स्वतःशीच भांडत बसते.

माझं तसं बरं चाललंय. घरातून निघताना गॅस बंद आहे ना हे तीनदा बघते, चौथ्यांदा नाही. तेव्हा सुधारणा आहे असं बाबांना सांग. लॅबमध्ये खिडकीजवळचं टेबल मिळालं. तिथला मायक्रोस्कोप जुना आहे, फोकसची चकती घट्ट फिरते, पण काच स्वच्छ आहे. प्रत्येक स्लाइडवरचा नंबर मी अजून कागदावरच्या नंबराशी बोट ठेवून जुळवते. स्लाइडी करणारे दोघं मला पाठीमागे ‘शंकाबाई’ म्हणतात. घरात तू ठेवलेलं नाव त्यांना न सांगता कसं सुचलं कोण जाणे. तोंडावरच लिहिलेलं असणार.

आठवतं, मी पाचवीत असताना तू जेवणाच्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडायचीस आणि एका कोपऱ्यात माझा गृहपाठ चालायचा? एकदा तू मला एक स्लाइड दाखवलीस. जांभळ्या पेशींची ही गर्दी! मी ऐटीत सांगून टाकलं, कॅन्सर. तू एवढंच विचारलंस, पत्ता काय? मला वाटलं पेशंट कुठे राहतो ते विचारते आहेस. मी म्हटलं, मला काय माहीत. तर बाबा आतून ओरडले, अगं, निदान घर नंबर तरी सांग तिला! मग हसू आवरून तू मला हाडात वाढणारी कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, गाठ समजावलीस. हीच गर्दी मांडीच्या हाडात दिसली तर घाबरायचं. बोटाच्या हाडात दिसली तर आधी शांत बसायचं, कारण तिथली साधी गाठसुद्धा मायक्रोस्कोपखाली भयंकर दिसते. मांडीत जी गुंडगिरी, ती बोटात नुसती दंगामस्ती, असं म्हणाली होतीस. त्या दिवसापासून आपल्या घरात पोट दुखलं तरी बाबा पत्ता विचारायला लागले.

आणि तू अकरा दिवस अडवून ठेवलेला तो रिपोर्टही मला आठवतो. तुकड्यासोबतच्या चिठ्ठीवर नुसतं ‘हाड’ लिहिलं होतं म्हणून तू सही केली नाहीस. सर्जन घरी येऊन आरडाओरडा करून गेला. तू त्याला पाणी दिलंस आणि म्हणालीस, पत्ता आणा, रिपोर्ट न्या. मी दाराआड उभी होते. मला तेव्हा फार भीती वाटली होती, आणि फार मोठं झाल्यासारखंही.

आता माझ्या पेशंटचं सांगते. चष्म्याच्या दुकानातला कारागीर आहे, चाळिशीचा. दुकानाच्या शटरमध्ये उजव्या हाताचा अंगठा चेमटला. दुखणं थांबेना म्हणून एक्स-रे काढला, तर टोकाच्या हाडात पोकळी आणि तिच्यावरून गेलेली एक चीर. तिथला तुकडा आमच्याकडे आला. कूर्चेची गाठ, पेशींची दाटी, काहींत दोन-दोन केंद्रकं. आमच्या विभागप्रमुखांनी बघितलं आणि कॅन्सर म्हणाले. बोटांच्या मुळाकडच्या हाडात असती तर साधी मानली असती. अंगठ्याच्या टोकाला कूर्चेची साधी गाठ आपण उभ्या नोकरीत पाहिलेली नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी पाहिली नाही म्हणून ती व्हायचीच नाही, हे कुठलं शास्त्र? क्वचित होते, पण होते.

मी एक्स-रे मागवला. गाठीची कड पेन्सिलीने काढल्यासारखी आहे. हाड पातळ झालंय, पण चिरेची जागा सोडली तर ते कुठे फुटलेलं नाही, आणि गाठ बाहेर मांसात गेलेली नाही. स्लाइडवर जो भाग सगळ्यात भयंकर दिसतो, तो नेमका त्या चिरेजवळचा. तिथे हाड सांधायचं काम चाललंय. मोडलेलं घर दुरुस्त होत असताना गवंड्यांची गर्दी असणारच. मी स्लाइड सहा वेळा पाहिली. सहाव्यांदा तरी आपण चुकलो असं निघेल म्हणून पाहिली. निघालं नाही.

मग मी त्याला भेटायलाच वॉर्डात गेले. शटर नक्की कधी पडलं, त्याआधी दुखत होतं का, हे सगळं चारचारदा विचारलं. तो बिचारा उत्तरं देता देता माझ्याकडे टक लावून बघत होता. शेवटी म्हणाला, डॉक्टर, रागावू नका, पण तुमचा एक स्क्रू ढिला आहे. सिस्टर म्हणाल्या, आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे! त्याने माझा चष्मा मागून घेतला, खिशातून बोटभर स्क्रूड्रायव्हर काढला आणि पट्टी बांधलेल्या त्याच अंगठ्याने, कळ सोसत, तिळाएवढा स्क्रू धरून बसवला. चष्मा परत देताना म्हणाला, बघा, एवढंच येतं मला. आई, विभागप्रमुखांच्या तोंडी शब्दावर तो अंगठा मुळाशी कापायचं ठरलंय. तारीखही दिली आहे.

माझं म्हणणं सोपं आहे. गाठ पूर्ण खरवडून काढा, ती सगळी मला बघू द्या, पोकळी हाडाच्या चुऱ्याने भरा, दर तीन महिन्यांनी एक्स-रे काढा. मी चुकले असेन तर सावरायला वेळ मिळेल. ते चुकले असतील तर अंगठा परत लावता येणार नाही. दोघांनी सही केल्याशिवाय आमच्याकडे असला रिपोर्ट जात नाही, आणि मी सही केलेली नाही. पेन माझ्यासमोर ठेवून सर दहा मिनिटं उभे राहिले. मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. सही मात्र केली नाही.

वाद नको म्हणून त्यांनी स्लाइडी बाहेर एका मोठ्या डॉक्टरांकडे पाठवल्या. सोबत एक्स-रे नव्हता. चिठ्ठी मी काल फाइलमध्ये पाहिली. सरांच्या अक्षरात आहे, ‘उजव्या हाताचे हाड’. हात म्हणजे खांद्यापासून नखापर्यंत काहीही. दंडाचं हाड म्हणून कुणी त्या पेशी पाहिल्या, तर कॅन्सरच म्हणेल. मीही म्हटलं असतं. उत्तर दोन ओळींचं आलं, ‘कूर्चेचा कॅन्सर. शंका नको.’

‘शंका नको’ची ती लांब ओढलेली मात्रा मी माझ्या प्रगतिपुस्तकांवर दहा वर्षं पाहिली आहे, आई. सर म्हणाले, आता आईला शिकवणार का? मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट पुन्हा न तपासता बोलले. परवा सगळ्या सर्जनांसमोर मी उभी राहून हे मत चुकीच्या पत्त्यावरचं आहे असं सांगणार आहे, आणि ते कुणाचं आहे हे तिथे सगळ्यांना माहीत असेल. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुला कळू नये म्हणून हे पत्र आजच माणसाकरवी पाठवते आहे. एक्स-रेची प्रत सोबत ठेवली आहे. मत बदललंस तर उद्या कळव. नाही बदललंस तरी मी सही करणार नाही. मला तुझा फार राग आला आहे, आणि तो एवढ्याचसाठी की तू विचारलं नाहीस. हात हा अख्खा रस्ता झाला. घर नंबर कुठे होता?

तुझीच, तुझ्याच टेबलावर शिकलेली,
शंकाबाई