केळ्याची भजी, माझ्या हातची

सोमवार, ३ मार्च
हिला दवाखान्यात दाखल केलं. बुधवारी पोटातली गाठ काढणार. किरकोळ ऑपरेशन. डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा किरकोळच म्हणाले, तिसऱ्यांदा जरा ओरडून.
हिला विचारलं, घरी आल्यावर काय खाशील? म्हणाली, केळ्याची गोड भजी. तुमच्या हातची. मेहुणी फिस्सकन हसली. म्हणाली, भाऊजींना गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते तरी माहीत आहे का? दुर्लक्ष केलं. मला तळता येत नाही असं नाही. वेळ आली नव्हती, इतकंच. रविवारी ही घरी येणार, भजी होणार.

मंगळवार, ४ मार्च. सकाळ
डझनभर केळी आणली. हिने फोनवर कृती सांगितली. केळी कुस्करायची, गूळ, कणीक, वेलची, मग मोहन घालायचं. तेवढ्यात नर्स आली, फोन कट.
कोपऱ्यावरच्या दुकानात मोहन मागितलं. दुकानदार म्हणाला, तो सुट्टीवर आहे, सोमवारी येईल, काय काम होतं? म्हटलं, भज्यांत घालायचं होतं. त्याने आतून बायकोला बोलावलं.

दुपार
मेहुणीकडून कळलं. मोहन म्हणजे पिठात ओतायचं कडकडीत तेल. भाऊजी, धन्य आहात, म्हणाली. मला माहीत होतंच. दुकानदाराची परीक्षा घेत होतो. मात्र कडकडीत हा शब्द आवडला नाही. सराव उद्या.

बुधवार, ५ मार्च
सराव रद्द. हिला सकाळीच आत नेलं. जाताना म्हणाली, काळी पडलेली केळी टाकू नका, तीच गोड लागतात. म्हटलं, बरं.
बाकावर बसून तळणाचा व्हिडिओ बघितला. तीनदा बघितला, तरी त्यात काय तळलं ते आठवत नाही. मेहुणीने विचारलं, घाबरलात का? म्हटलं, तेल अंगावर उडतं, त्याची जरा काळजी वाटते. तिने थर्मासमधला चहा पुढे केला. टिंगल केली नाही. तेव्हा मात्र मी घड्याळ बघायला लागलो.
डॉक्टर आले. ऑपरेशन नीट झालं. गाठ तपासायला पाठवली आहे, रिपोर्ट शनिवारी. शनिवार का? लोकांना कामाची घाईच नाही.

शुक्रवार, ७ मार्च
सराव करणार होतो. कढई घासली. पुन्हा घासली. मग वाटलं, फार सराव केला की हाताची सहजता जाते. केळी काळीठिक्कर पडली आहेत. टाकली नाहीत.
झोप नाही. उकाडा.

शनिवार, ८ मार्च
रिपोर्ट आला. गाठ साधी. डॉक्टरांना पुन्हा वाचायला लावला. मग दवाखान्याच्या नळाखाली तोंड धुतलं, बराच वेळ. ऊन फार आहे.
आता फक्त तेल.

रविवार, ९ मार्च. सकाळ
हेल्मेट, रेनकोट, स्कूटरचे हातमोजे. ढाल म्हणून कुकरचं झाकण. मोहन घातलं. अंगावर एक थेंब उडाला नाही! पहिलं भजं दारातूनच कढईत सोडलं. नेम अचूक. चुर्र नाही, काही नाही. सरळ तळाशी जाऊन गप्प बसलं. तेलावर माझा वचक बसलेला दिसतो. उगाच लोक घाबरतात.

दुपार
हेल्मेटमुळे बेल ऐकू आली नाही. मेहुणी किल्लीने दार उघडून हिला घेऊन आत आली. ही हळूहळू चालत ओट्यापाशी आली. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, अहो, काच आतून ओली कशी?
म्हटलं, तेलाची वाफ.
हिने कढईत बोट बुडवलं आणि मला दाखवलं. गॅस पेटवलाच नव्हता.
मेहुणी खाली बसून हसली. ही पोट धरून म्हणाली, हसवू नका, टाके ओढतात. मग माझं हेल्मेट काढायला लागली. म्हटलं, असू दे थोडा वेळ.
भजी मेहुणीने तळली. हिने चार खाल्ली. कुणी विचारलं तर माझ्या हातची. केळी मीच सोलली होती.