केम्पस्टर आडनावाची बाई

श्रूझबरी,
४ फेब्रुवारी १९६१

ती. एनिडताईस,
धाकट्या रोलंडचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले धुरी दिलेले हेरिंग मासे पोचले. घरभर दोन दिवस वास होता, त्यामुळे मार्जरी तुझ्यावर रागावली आहे आणि तरी चार खाऊन बसली आहे. माझा गुडघा बरा आहे. निवृत्त हेडमास्तरानं करायचं तरी काय, हा प्रश्न मात्र सुटला, कारण आपल्या थॉर्लिंगहॅमच्या व्हिकरसाहेबांचं पत्र आलंय.

एप्रिलमध्ये आपल्या चर्चला सहाशे वर्षं होतात. त्या दिवशी मी 'केम्पस्टर' या आपल्या आडनावावर व्याख्यान द्यावं, अशी त्यांची इच्छा आहे. चर्चच्या फरशीतल्या थडग्यांवर आपल्याच लोकांची नावं जास्त, म्हणून. नंतर ते पुस्तिका छापतील, माझ्या नावानं. बाबांची गोष्टच सांगेन म्हणतो: केम्प म्हणजे योद्धा, आपला मूळपुरुष फ्रान्सच्या लढाईत एक कान गमावून आला वगैरे. तू वीस वर्षं दर गुरुवारी नॉरिचच्या जुन्या कागदांच्या दफ्तरात जाऊन काहीबाही उतरवतेस. ते चिटोरे धाडून दे. नीट रचून घ्यायचं काम माझं. तुझं अक्षर लावायची मला सवय आहे.

मार्जरीचा नमस्कार. माझ्यावर माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
रोलंड


थॉर्लिंगहॅम,
११ फेब्रुवारी १९६१

चि. रोलंड यास,
ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आनंद झाला. व्हिकरसाहेबांनी तुझा पत्ता माझ्याकडूनच नेला. पोस्टाच्या खिडकीशी तिकिटं घेता घेता मागितला. कशासाठी ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

सोबत नऊ कागद पाठवते. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, सगळं १५६० नंतरचं. त्याआधीचं पाठवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. अक्षर लागलं नाही तर कळव. बाबांची गोष्ट तू जरूर सांग. त्यांच्यासारखी ती तुलाच सांगता येते. मला त्यांनी कधी सांगायला लावली नाही.

इथे थंडी फार आहे. परसातला कोबी काळा पडला. मार्जरीला सांग, पुढच्या खेपेला मासे न पाठवता लोकर पाठवीन.
तुझी,
एनिड


थॉर्लिंगहॅम,
१२ फेब्रुवारी १९६१

प्रिय हिल्डा,
स. न. तुझ्या क्रोमरच्या समुद्राला आणि तुझ्या खोकल्याला उतार पडो.

काल मी भावाला खोटं लिहिलं. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून तू मला ओळखतेस, म्हणून तुलाच सांगते.

दोन वर्षांपूर्वी मला दफ्तरात १३२९ सालच्या गावच्या कचेरीची एक गुंडाळी मिळाली. लॅटिन. तिथले ऑसगर्बीसाहेब मला ती लिपी शिकवत होते, पण ती ओळ मी एकटीनं लावली आणि मग त्यांना दाखवली. 'अ‍ॅग्नेस ला केम्बेस्टर, तिचं डुक्कर जहागीरदाराच्या वाटाण्यात शिरलं म्हणून दंड.' हिल्डा, केम्बेस्टर म्हणजे लोकर विंचरणारी. शेवटचा 'स्टर' बाईचा. बेकर पाव भाजणारा, तशी बॅक्स्टर भाजणारी. वेबस्टर म्हणजे विणणारी. पंधरा वर्षांनी दुसऱ्या गुंडाळीत रॉजर केम्बेस्टर सापडतो, अ‍ॅग्नेसचा मुलगा. तिचा नवरा वॉल्टर तेव्हा चांगला जिवंत होता. तरी गावानं मुलगा ओळखला तो आईच्या कामावरून. योद्धा नाही, तलवार नाही, कान नाही. तापवलेल्या लोखंडी दातांच्या फण्या घेऊन बसलेली एक बाई.

तो कागद मी पाठवला नाही.

शहरातल्या मोठ्या शाळेची परीक्षा मी रोलंडच्या दोन वर्षं आधी पास झाले होते, तुला आठवत असेल. शाळेतल्या बाई घरी आल्या होत्या सांगायला. बाबा त्यांना म्हणाले, मुलीचं आडनाव उद्या बदलणार, तिला शिकवून केम्पस्टरांचं काय भलं होणार? आडनाव बदललं नाहीच. आज या गावात ते चालवणारी मी एकटी. आणि त्यावर बोलायला माणूस येणार श्रूझबरीहून. पडू दे तोंडावर, असं वाटतंय. बोलून टाकलं.

उत्तर लवकर दे. रागावलीस तरी दे.
तुझी,
एनिड


क्रोमर,
१६ फेब्रुवारी १९६१

प्रिय एनिड,
वि. वि. खोकला आहे तसाच.

रागावले नाही. माझ्या बहिणीच्या केसांवर मी चाळीस वर्षं जळले आणि ती टकली झाली तेव्हा मला रडू आलं, त्यात माझंच जास्त नुकसान झालं. तुला जळायचं तर जळ, तुझा हक्कच आहे. पण मला एक कळत नाही. त्याला पाडण्यासाठी तू अ‍ॅग्नेसला दडवून ठेवतेस. तिनं तुझं काय वाकडं केलंय?

व्याख्यानाला बसायचंच असेल तर मागे बस. त्याचा चेहरा दिसणार नाही अशा जागी.

भेटीची वाट पाहणारी,
हिल्डा


थॉर्लिंगहॅम,
२३ एप्रिल १९६१

प्रिय हिल्डा,
आज नमस्कारबिमस्कार काही नाही.

मी तिसऱ्या रांगेत बसले. सभागृह भरलं होतं. रोलंडनं बाबांचा राखाडी कोट घातला होता. तो त्याला मिळालाय हे मला माहीत नव्हतं. बोलला सुंदर. कान तुटायची जागा आली तेव्हा तो बाबांसारखाच थांबला, आणि मी नकळत पुढे सरकून बसले. ते प्रेम होतं की मत्सर, मला सांगता येणार नाही. टाळ्या खूप वेळ चालल्या.

मग मागून ऑसगर्बीसाहेब उठले. ते येतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. म्हातारा माणूस दोन बस बदलून आला होता. अगदी मऊपणानं म्हणाले की, वक्त्यांची क्षमा मागून सांगतो, हे नाव एका बाईचं आहे, लोकर विंचरणारीचं. हे मी शोधलेलं नाही, मिस केम्पस्टरनी शोधलंय आणि त्या इथेच बसल्या आहेत.

सगळी सभा वळून माझ्याकडे पाहू लागली. हेच मला साठ वर्षं हवं होतं ना? रोलंडच्या हातातले कागद खाली आले. त्यानं विचारलं, "एनिड, हे खरं आहे का?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही. ऑसगर्बीसाहेबांची काहीतरी गफलत होतेय."

का म्हणाले? हो म्हटलं असतं तर मी तो कागद लपवला हे त्या क्षणी सगळ्या गावाला कळलं असतं. ऑसगर्बीसाहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, टोपी उचलली आणि गेले. चहाच्या वेळी व्हिकरबाई मला म्हणाल्या की, वय झालं की माणसं अशी गोंधळतात. मी मान डोलावली.

रोलंड पडला नाही. पडली अ‍ॅग्नेस, आणि ते म्हातारे गृहस्थ.
एनिड


थॉर्लिंगहॅम,
२६ एप्रिल १९६१

चि. रोलंड यास,
आशीर्वाद.

सोबतचा दहावा कागद वाच. तो फेब्रुवारीतच तुझ्याकडे यायला हवा होता. ऑसगर्बीसाहेब खरं बोलत होते आणि मी खोटं. तुझी फजिती व्हावी म्हणून मी तो ठेवून घेतला. मला तुझा हेवा वाटतो. परीक्षेचा निकाल लागल्या दिवसापासून वाटतो. तू वाईट असतास तर सोपं गेलं असतं.

पुस्तिका छापायच्या आत हे तुझ्या हाती पडावं. माफी मागायला जीभ वळत नाही, म्हणून कागद पाठवते.
एनिड


श्रूझबरी,
१ मे १९६१

ती. एनिडताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मार्जरीला दाखवलं नाही.

तू सभेत नाही म्हणालीस तेव्हाच मला कळलं. खोटं बोलताना तू नेहमी मोठ्यांदा बोलतेस. एका शब्दानं विचारलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. मी विचारलं नाही. तो एककान्या योद्धा मला हवा होता, ताई. घरी परत येईपर्यंत गाडीत मी स्वतःला पटवत होतो की म्हाताऱ्याचीच गफलत असेल.

आता माझंही ऐक. बाबांचं सगळं शेवटची अकरा वर्षं तू केलंस. मी सुट्टीत यायचो, तेव्हा ते मला पाहुण्यासारखं वागवायचे, चांगल्या कपात चहा द्यायचे. तुझ्यावर खेकसायचे, तुझ्या हातून जेवायचे. शेवटच्या दिवशी मी खोलीत होतो आणि ते विचारत होते, एनिड कुठे गेली. शाळा मला मिळाली, बाप तुला मिळाला. कोट मी मागून घेतला होता, न विचारता. त्याचा वास जाऊ नये म्हणून मी तो धुतलेला नाही.

छापखान्याला तार करून काम थांबवलं आहे. व्हिकरसाहेबांना लिहिलंय की माझं व्याख्यान चुकीचं होतं आणि बरोबर व्याख्यान गावातच राहतं. ऑक्टोबरची तारीख त्यांनी तुझ्यासाठी धरली आहे. ऑसगर्बीसाहेबांची माफी मात्र तुलाच मागावी लागेल. तिथे मी तुझ्या कामाचा नाही.

तुझ्या रागासकट मी तुझा,
रोलंड


थॉर्लिंगहॅम,
९ मे १९६१

चि. रोलंड यास,
आशीर्वाद. वि. वि.

काल गुरुवार नसतानाही नॉरिचला गेले. ऑसगर्बीसाहेब टेबलावर वाकलेले होते. मी जे म्हणायचं ते उभ्यानंच म्हणाले. त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले की, सहाशे वर्षांपूर्वीच्या कारकुनानं अ‍ॅग्नेसचं नाव लिहिताना कसूर केली नाही, तुम्ही केलीत. ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. नंतर त्यांनी खुर्ची सरकवून दिली. पूर्वीसारखं नाही, पण दिली. त्यांच्या हाताखालच्या गुंडाळीत मॉड नावाची मुलगी निघाली आहे, अ‍ॅग्नेसचीच. तीही केम्बेस्टर. आईचंच काम करायची.

ऑक्टोबरला मी बोलणार आहे. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाणार नाही याची मला धास्ती आहे. तू म्हणतोस तसं मोठ्यांदा बोलले तर लोकांना ते खोटं वाटेल.

एक आधीच सांगून ठेवते. तू पुढे बसशील, आणि चहाच्या वेळी चार बायका म्हणतील की भाऊ किती मोठ्या मनाचा, बहिणीसाठी बाजूला झाला. ते ऐकून मी पुन्हा जळेन. हे जाणारं दुखणं नाही, या वयात तर नाहीच. तुझंही जाणार नाही.

तरी ये. मार्जरीला आण. कोट घालून ये.
तुझी,
एनिड केम्पस्टर