पोत्यातला कडुलिंबाचा पाला

गारखेडा,
१२ सप्टेंबर २००३

चि. सौ. द्वारका हीस दादाचे अनेक आशीर्वाद.

तू एसटीनं धाडलेलं ज्वारीचं पोतं पोचलं. बहिणीच्या गंगापूरच्या मळ्यातली ज्वारी म्हणून मी गल्लीभर सांगून आलो! डॉक्टरांनी होळीपर्यंत मुदत दिली आहे. तोवर रक्तातली साखर उतरली नाही तर रोज सुई. म्हणून टोस्ट, खारी, बिस्किटं घराबाहेर काढली. तुझी वहिनी म्हणते, खारी गेली, पण तिच्यावरचं प्रेम नाही गेलं. कपाटामागं पुडा सापडला ना तिला!

पहिली भाकरी मोडली आणि मी थेट आईच्या चुलीपाशी जाऊन बसलो. आई पापुद्रा उचलून आत तेल-मीठ सोडायची. आपण शाळेतली कणसांवरच्या पाखरांची कविता म्हणायचो. जो अडखळेल त्याचा पापुद्रा दुसऱ्याचा. तू मला मुद्दाम हसवायचीस.

एक विचारू? पोत्यात कडुलिंबाचा पाला नव्हता. पाला घातल्याशिवाय आईनं कधी पोतं शिवलं नाही, आणि तूही नाही. तब्येत बरी आहे ना? खरं काय ते कळव.

तुझाच,
बद्रीदादा


गंगापूर,
२५ सप्टेंबर २००३

ती. दादास द्वारकाचा सा. न. वि. वि.

पाला विसरले नाही. ती ज्वारी आमची नव्हतीच, मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून इकत आणली. सात वर्षं झाली, विहिरीपर्यंत सगळा ऊसच हाय. तू दर पत्रात आमच्या कणसांवरची पाखरं लिहितोस, मग मला सांगायचा धीर झाला नाय. आम्हीबी सकाळी चहा-टोस्टच खातो. मलाबी साखर निघाली. तुला कळवू नका, असं मीच यांना बजावलं होतं.

शेजारच्या आवडाबाईनं जुन्या दगडी वाणाच्या ज्वारीचं बी चिंधीत बांधून जपलं होतं. ते मागून आणलं. विहिरीकडचा थोडा ऊस मोडून सहा तास, म्हंजी सहा ओळी ज्वारी पेरू म्हटलं, तर बन्सी म्हणाला, मामाच्या कवितेसाठी ऊस मोडायचा का? मी म्हटलं, व्हय, आन् तुझ्या आईच्या साखरेसाठीबी. तवा कोयता घेऊन विहिरीकडं गेला.

रागवू नको. वहिनीला नमस्कार.

तुझी,
द्वारका


गारखेडा,
२० मार्च २००४

चि. सौ. द्वारका हीस अनेक आशीर्वाद.

होळी झाली, सुई टळली. गोळ्या आहेत, पण साखर उतरली. मोंढ्यातल्या ज्वारीनंच काम केलं बघ, उगाच लाजलीस.

काल बन्सी तुझी पिशवी घेऊन आला. तोंड सोडलं तर वर सुकलेला पाला! वहिनीनं लगेच भाकरी थापली. मी ती जुनी कविता म्हणायला लागलो आणि दुसऱ्याच कडव्यात अडखळलो. हसवायला तू नव्हतीस, तरी अडखळलो.

बन्सीला खोदून विचारलं तेव्हा कळलं, सहा तासांतली सगळी ज्वारी तू मलाच धाडलीस, घरात ओंजळभरही ठेवली नाहीस. ते चालायचं नाही. मी अडखळलो म्हणजे पापुद्रा तुझा. अर्धी ज्वारी बन्सीबरोबर परत पाठवली आहे. वरचा पाला माझ्या हातचा. त्यासाठी गारखेड्यात तासभर कडुलिंब शोधत हिंडलो.

बियाण्यापुरती काढून ठेव. बाकीची खा.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बद्रीदादा