तात्यांचा हात

५ मार्च १९७३, सोमवार. सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं ठेवतात. कुणाला दाखवायची नाही.

तात्या पहाटे वारले. बाप गेला, वाईट वाटलं. पण टायमिंग बघा! १६ तारखेला गावच्या विकास सोसायटीच्या चेअरमनची निवड, हात वर करून. पंच नऊ. माझ्यासकट चार माझ्याकडं, चार बसवराजअप्पाकडं आणि नववे आमचे तात्या, म्हणजे आबाराव. म्हणजे मी चेअरमन झाल्यातच जमा होतो. एवढे चार दिवस कळ काढता येत नव्हती? जन्मभर माझं एक काम त्यांनी वेळेवर केलं नाही.

संध्याकाळ

तिरडी ओढ्यापाशी गेली आणि तात्या उठून बसले. खांदेकरी तिरडी टाकून पळाले. मी पळालो नाही. (धोतर बाभळीत अडकलं होतं, पण एरवीही पळालो नसतो.) शेजारचा सिदू तेवढा सावरायला गेला, तर तात्यांनी त्याच्या दंडाचा लचका तोडला. मग लोक हळूहळू परत आले. आबाराव मरून परत आले म्हणत त्यांना हार घातला, हलगी लावली. सिदूकडं कुणी बघितलं नाही.

मेजॉरिटी कायम.

७ मार्च

तात्या बोलत नाहीत. पाणी पीत नाहीत, दुष्काळात ही मोठी सोय. कंपाउंडरनं नाडी बघितली आणि बॅग टाकून पळाला. नाडी लागत नाही म्हणे. न लागू दे. सोसायटीच्या नियमात नाडीबद्दल काही नाही.

एस.टी.च्या ड्रायव्हरनं बातमी आणली की सगळीकडं हेच चाललंय. मेलेलं उठतंय, चावतंय, चावलेलं मरतंय आणि तेही उठतंय. तलाठी म्हणाले, वरून सर्क्युलर आलेलं नाही, तोवर असं काही झालेलं नाही. काही जण म्हणतात हे रेशनच्या मिलोनं, त्या अमेरिकेच्या लाल ज्वारीनं झालं. दुष्काळी कामावर खडी फोडणं चालूच आहे. हजेरी बुडेल म्हणून बाया उठलेल्यांच्या अंगावरनं कामाला जातात.

तात्यांना गोठ्यात बांधलं. बैल चारा-छावणीत आहेत, जागा रिकामीच होती. तोंडाला मळणीच्या वेळचं बैलाचं मुसकं लावलं. वडिलांना असं करणं बरं दिसत नाही, म्हणून वरून उपरणं गुंडाळलं.

बायको, धुरपता, म्हणाली, मामंजींना मोकळं करा, तुमच्यानं होत न्हाय तर कुऱ्हाड म्या उचलते, तुमी तिकडं तोंड करून उभं ऱ्हावा. काय ही बाई! सासऱ्याबद्दल असं बोलतात? तिला सांगितलं, १६ तारखेनंतर बघू.

९ मार्च

सिदू मेला आणि दुपारी उठला. त्याची बायको नागूबाई खमकी. शिव्या घालत घालत त्याला दाव्याला बांधलं, वरून गोधडी टाकली. विचारलं तर म्हणाली, कसाबी असला तरी माजा हाय. आता बऱ्याच गोठ्यांत कुणी ना कुणी बांधलेलं आहे. लोक आधी घाबरले, मग एकमेकांना दावी उसनी द्यायला लागले.

मी चेअरमन झालो की सोसायटीतर्फे दाव्यांचं वाटप करणार. सवलतीत.

१० मार्च

धुरपताचा भाऊ गोरोबा जळकोटहून ट्रक घेऊन आला. सोलापुरात मिलिटरीनं कॅम्प लावलाय. चावलेल्याला आत घेत नाहीत, म्हणून धडधाकट हाव तवर चला दाजी, म्हणाला. धुरपता गाठोडं घेऊन दारातच उभी.

मी म्हणालो, शुक्रवारी निवड आहे. तो म्हणाला, मग अक्काला तरी न्हेतो. आता हे कसं जमायचं? तात्यांना खायला कोण घालणार? मला कोण घालणार? त्याला समजावलं की मी पुढारी माणूस, आता बायको गावाबाहेर काढली तर लोक म्हणतील मच्छिंद्र घाबरला. शनिवारी, १७ ला ये, म्हटलं. वाटल्यास मोटारीला हार घालून येतो, म्हटलं. तो हसला नाही.

धुरपतानं तोंड फिरवलं. गाठोडं मात्र तिनं सोडलं नाही, तसंच उतरंडीपाशी ठेवलंय. फुगू दे. चेअरमनची बायको झाली की आपोआप ताळ्यावर येईल.

११ मार्च, रविवार

तात्यांची प्रॅक्टिस सुरू. पद्धत माझी स्वतःची. मी म्हणायचं, "मच्छिंद्र!" आणि कोंबडीची काळीज-कलेजी वर धरायची. तात्यांचा हात वर! मग मुसकं सोडून धुरपतानं लांबनं काठीला टोचून भरवायचं. (गळ्यातली माळ आधी काढून ठेवली. मतदानाच्या दिवशी परत घालू.) सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा. रिझल्ट शंभर टक्के.

धुरपता म्हणते, मामंजी तुमचं नाव ऐकून न्हाय, मटण बघून हात उचलतेत. अडाणी बाई. मी डोळे मिटून "मच्छिंद्र" म्हणून बघितलं. हात वर होता की नाही ते दिसलं नाही, पण असणार.

१३ मार्च

छोटासा अपघात.

तात्यांची दाढी-मिशी फार वाढली होती. निवडीला उस्मानाबादचा साहेब येणार, जरा बरं दिसायला नको? न्हाव्यानं हात जोडले. मग धुरपताला बसवलं. मुसकं काढल्याशिवाय मिशी कापता येत नव्हती. मी बाहेर आभाराचं भाषण पाठ करत होतो. ओरडली नाही ती. मुसकं परत बांधलं, राहिलेली मिशी कापली, मग बाहेर येऊन मनगट दाखवलं.

मी म्हणालो, खरचटलंय, हळद लाव. ती म्हणाली, आता सोलापूर मला बंद झालं. असं वाईट बोलू नये.

मिशी डावीकडं जरा वाकडी झालीय.

१४ मार्च

धुरपताला ताप. स्वयंपाकाला उशीर. नागूबाई येऊन बसली होती, मला बघून उठून गेली. थुंकल्यासारखं केलं, पण तंबाखू खाते ती.

धुरपतानं मला जवळ बसवून एकच गोष्ट मागितली. म्हणाली, म्या उठले तर मला दाव्याला बांधू नगा, घरात कोंडू नगा. तिथल्या तिथं मोकळं करा. आन गोरोबाला तसलं त्वांड दिसू देऊ नगा, त्याला म्या हाताव वाढवलाय. शपथ घ्या, म्हणाली.

मी म्हणालो, परवा परीटघडीचं धोतर लागेल, ते आणलं का? मग तिला बरं वाटावं म्हणून शपथ घेतली. शपथेला काय लागतं.

१५ मार्च

तात्यांची रंगीत तालीम. काळा चष्मा, फेटा, मुसक्यावर उपरणं. साहेबानं विचारलं तर दाढदुखी. हात शंभर टक्के.

धुरपता आज उठली नाही. पाणी मागितलं, रांजणात नव्हतं. टँकर उद्या. दुपारी दोनदा गोरोबाचं नाव घेतलं. माझं घेतलं की नाही, नीट ऐकू आलं नाही, मी भाषणात होतो.

१६ मार्च, शुक्रवार. सकाळ

मोठा दिवस! धुरपताला हाक मारली, उठली नाही. हात गार लागला. म्हणजे ताप उतरला. झोपू दे बापडी. चहाशिवाय निघतो.

रात्री

लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

साहेब म्हणाले, नावं आली त्या क्रमानं घेऊ. पहिलं नाव अप्पाचं. अप्पा नमस्कार करायला उठला. दुष्काळात अख्खं गाव वाळलं, पण हा माणूस तसाच तुपट राहिलाय. बरोबर तात्यांच्या पुढ्यात उभा. तात्यांचा हात वर. एक नाही, दोन्ही. मी ओरडलो, तात्या, खाली घ्या! साहेब म्हणाले, सभासदावर दबाव आणू नका. दोन हात असले तरी मत एकच धरू, असंही म्हणाले. पाच विरुद्ध चार.

हरकत घेतली. म्हणालो, साहेब, हा माणूस मेलेला आहे.  मग साहेबांनी विचारलं, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे? मी हरकत मागं घेतली.

अप्पाच्या माणसांनी तात्यांना खांद्यावर घेऊन गुलालात मिरवलं. तात्या आता आमचे, म्हणाले. घेऊन जा, म्हटलं. सख्ख्या बापानं असं केल्यावर माणसानं विश्वास कुणावर ठेवायचा?

घरी आलो तर धुरपता उठलीय. माजघरात भिंतीकडं तोंड करून उभी. हाक मारली तर वळली. बोलली नाही. माझ्यावर रागावलीय बहुतेक. बाहेरून कडी घातली.

कुऱ्हाड दारापाशीच आहे. तिनंच पाजळून ठेवली होती. दोनदा उचलली. निवडीनं थकलोय, हातात जोर नाही. सकाळी नक्की.

१७ मार्च, शनिवार. सकाळी ९

गोरोबा आला. दिल्या शब्दाप्रमाणं, मोटार धुऊन. ओसरीवर बसलाय. म्हणतो, कॅम्पवर वळखीचा जमादार हाय, अक्काला वाटंत काय तरास हुऊ देत न्हाय, पुढं माझ्याजवळ बसवतो. येताना तिच्यासाठी घागरभर गोडं पाणी आणलंय.

निवडीचं त्यानं विचारलं नाही.

मी म्हणालो, साडी नेसतीय. बस जरा.

सव्वानऊ

गोरोबा म्हणतो, दाजी, कवाधरनं बसलोय, अक्काला आवाज तरी द्या. मी नाही म्हणालो. आवाज दिला की ती दाराला येते.

आता तोच हाका मारायला लागलाय.